आक्का, चंद्राचं लग्न कुठं करायचं?

आक्का, तू गेल्यावर मी पहिल्यांदा पोट धरून हसलो, ते उपाशीपोटी. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून आधी तेच सांगतो. रडण्याचं मागनं येईलच.

सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही आणि शेजारपाजाऱ्यांनी कडू घास आणून घालायचा, ही रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गल्लीत कुणाकडं असं काही झालं की पहिली टोपली तुझीच जायची. तुझ्या वेळेला अख्खी गल्लीच उठली. पहिल्या दिवशी ज्या घरात तवा होता त्या घरातनं भाकरी आली. ज्वारीची आली, बाजरीची आली, भिंतीपलीकडच्या नरसम्मानं हातमाग बंद ठेवून भात आणि चिंचेचं सार धाडलं, कोपऱ्यावरच्या कानडी घरातनं शेंगांची चटणी आली. गावाकडनं आलेली माणसं जेवली, तुझ्या मिलमधल्या बाया जेवल्या, तरी टोपल्या सरेनात. सुतकाचं अन्न शिळं ठेवू नये म्हणून आत्यानं उरलेलं सगळं गाईंना घातलं.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही.

त्यात कुणाचा वाईटपणा नव्हता. प्रत्येकीला वाटलं, काल एवढं गेलंय, आज दुसरी कुणीतरी देईलच. गावची मंडळी सकाळी परतली होती. घरात मी, तुझी चंद्रा आणि आत्या एवढेच. आत्या म्हणजे आपलीच आत्या, तरुणपणी कुंकू पुसून माहेरी आली आणि भावाच्या, म्हणजे आपल्या तात्यांच्या, दारात म्हातारी झाली, ती. चूल पेटवायची नाही आणि शेजारी मागायला जायचं नाही. दुपार कलली तरी दाराची कडी वाजेना. आम्ही तिघं एकमेकांकडं न बघता बसून होतो. तू गेल्यापासून चंद्रा एक शब्द बोलली नव्हती. ती पहिल्यांदा बोलली ती एवढंच, "मामा, भूक लागली."

आत्या सुस्कारा सोडून म्हणाली, "काल समद्यांनी वाढलं, आज समद्यांनी उचललं की गं."

आणि आम्ही हसायला लागलो. चंद्रा हसली, मग मी हसलो, मग आत्या तोंडाला पदर लावून हसली. भिंतीपलीकडं नरसम्मानं ते ऐकलं आणि तिला वाटलं, दुःखानं पोरांची डोकी फिरली. ती धावत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "काय रे बापू, काय झाला? खाल्ला काय तुमी?"

"नाही," मी म्हणालो.

"अय्यो देवुडा!"

पुढचं तुला सांगायला नको. त्या बाईचा आवाज मिलच्या भोंग्याला भारी. टांगेवाल्याची गुलाबबी आली ती खिचडीचं पातेलं हातात घेऊनच, घरात शिजत होती ती तशीच उचलून. "मैं समजी नरसम्मा दी होंगी," असं ती म्हणते, आणि नरसम्मा म्हणते, "आणि मी समजला तू दिला." चूक कुणाची यावरनं आपल्या दारात जे भांडण जुंपलं ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, आक्का, की काय सांगू. तुझ्याशिवायही ही गल्ली तशीच भांडत होती. आत्यानं एकदा खिचडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "तात्या गावाला गेला न्हवं?" गेला म्हटल्यावर तिनं पातेल्यात हात घातला.

आता तुझं सांगतो. म्हणजे तुला ठाऊक नसलेलं तुझं.

तू नळावर घागर भरलीस, बाजूला ठेवलीस, "आता तू लाव गं," असं गुलाबबीला म्हणालीस आणि खाली बसलीस. ती पुन्हा उठली नाहीस. मला बोलावायला आले तेव्हा मी दाढी करत होतो, एका गालावर साबण आणि एक गाल मोकळा. तसाच धावलो. गुलाबबीच्या मांडीवर तुझं डोकं होतं आणि नळ वाहत होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. डॉक्टर म्हणाला, काळीज बंद पडलं. तुला कधी साधं पडसं झाल्याचं मला आठवत नाही, आणि काळीज बंद पडलं म्हणे. मी त्या माणसाशी भांडायलाच उठलो होतो.

सुतकात दाढी करायची नाही. त्यामुळं दहाव्यापर्यंत मी एका गालानं बोडका आणि एका गालानं दाढीवाला असा वावरलो. भेटायला येणारी माणसं माझ्याकडं बघून मान खाली घालत. मला वाटे, केवढं दुःख झालंय यांना. मग चंद्रानं आरसा दाखवला. तू असतीस तर छापखान्यातल्या माझ्या सोबत्यांना मुद्दाम घरी बोलावून दाखवलं असतंस.

छापखान्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. आपण गाव सोडून सोलापूरला आलो तेव्हा मला सात रस्त्यापाशी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला घेतलं होतं, पण नुसतं शिकायला. घर तू चालवलंस, मिलच्या रिळाच्या खात्यात दिवसभर उभी राहून, चंद्राला कडेला बांधून. दाजी मानमोडीच्या साथीत गेले तेव्हा चंद्रा पाळण्यात होती. तू माझी बहीण होतीस, आणि आईही तूच होतीस असं लोक म्हणत. ते काही खरं नाही. आई इतकी चिडवत नसते. मी अक्षरं शिकलो आणि जरा नीटनेटकं बोलायला लागलो तर तू म्हणायचीस, "छापल्यावानी बोलू नगंस बापू. सरळ बोल." आज हे लिहितानाही तू खांद्यावरनं वाचते आहेस असं वाटतं. वाचता येत नव्हतं तुला, तरी वाटतं.

आणि आपला वाद तसाच राहिला, आक्का.

टेंभुर्णीचं स्थळ तुझ्याही मनात भरलं होतं, माझ्याही. मुलगा इथंच मिलमध्ये मागावर, आईबाप टेंभुर्णीला, माणसं सरळ. चंद्राला अठरावं लागलं म्हणून गावाकडं सगळे आपल्याला नावं ठेवत होते, त्यांचीही तोंडं बंद झाली. सुपारी फुटली. उरलं ते एवढंच, की लग्न कुठं करायचं.

मी म्हणायचो गावाला, मोडनिंबाजवळ, आपल्या वाडीत. तिथं आपला देव, आपली मेंढरं, आपले तात्या, वडिलांच्या माघारी घरातले मोठे. लेकीला कुणी नाही असं टेंभुर्णीकरांना वाटायला नको. तू म्हणायचीस सोलापुरात, ह्याच गल्लीत.

"अगं, इथं आपलं आहे कोण? नळावर भांडणाऱ्या बायका?"

"भांडतो न्हवं? म्हंजी वळख हाय की."

"आणि तात्या?"

"तात्या येतील. त्यास्नी काय पाय न्हाईत?"

रोज एक नवीन कारण काढायचीस. गावात पाणी नाही. गाड्या कुठनं आणायच्या. नरसम्माचे गुडघे दुखतात, ती तिकडं कशी येईल. मिलमधल्या बायांना रजा मिळायची नाही. मी एक कारण खोडलं की तू दुसरं पुढं करायचीस. तुला इथला बँड हवा असेल, असं मला वाटायचं. मी तसं म्हटलंही. तू हसलीस आणि म्हणालीस, "व्हय बाबा, बँडच पायजे मला." गेलीस त्याच्या आदल्या दिवशी आपण ह्याच्यावरनं भाकरी गार होईपर्यंत भांडलो आणि मग तीच गार भाकरी मजेत खाल्ली.

तू गेल्यावर तो वाद अधांतरी राहिला. टेंभुर्णीकर भेटायला आले, चांगलं बोलले. मुलाचा बाप म्हणाला, "तेरावं झालं की लगीन उरकू, न्हायतर मग वरीसभर थांबाया लागंल. वरीस लई लांब असतंय. कुटं बी करा, आमी येतो. तुमच्या घरची थोरली मानसं उबी ऱ्हायली म्हंजी झालं." वर्षभरात काय होईल ते कुणी सांगावं? बापाविना वाढलेली आणि आता आईविना राहिलेली पोर, स्थळ हातचं गेलं तर पुन्हा कुठं शोधायचं? लग्न आत्ताच करायचं, हे चटकन ठरलं. आता कुठं करायचं ते माझ्या एकट्याच्या डोक्यावर होतं. तू भांडायला नव्हतीस, तर मला माझंच म्हणणं पटेनासं झालं.

दहाव्याला तळ्याकाठी सगळे जमले. तात्या गावाहनं ठरवूनच आले होते. पिंडाला कावळा शिवायचा अडला की जवळच्या माणसांनी गेलेल्याची इच्छा बोलून दाखवायची, वचन द्यायचं, मग तो शिवतो. तात्या म्हणाले, "कावळा अडला की म्या म्हननार, लगीन गावाला करतो. बगा शिवतोय का न्हाय."

नरसम्मा दहाव्याला बायका जात नाहीत वगैरे काही न ऐकता आली होती, आणि लांब उभी राहून तिनं हे ऐकलं. ती तिथनंच ओरडली, "तो कावळा गावचा हाय काय? सोलापूरचा हाय. त्याला काय कळते तुमच्या गावचा?"

दोन्ही बाजू तयारीत होत्या. तात्यांनी घसा साफ केला. मी पिंड ठेवला, मागं सरलो, हात जोडायला घेतले, आणि ते जुळायच्या आत कावळा येऊन पिंडाला शिवून गेलासुद्धा.

"सुखानं गेली माऊली," सगळे म्हणाले. "मागं काय बी ठिवलं न्हाय." तात्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला मात्र राग आला, आक्का. एवढी काय घाई? निदान थोडा वेळ अडायचंस. आम्ही तुला वचनं दिली असती, तू त्यातलं एक निवडलं असतंस, वाद मिटला असता. सगळं आयुष्य माझ्यावर हुकूम गाजवलास आणि विचारायची वेळ आली तेव्हा गप्प बसलीस. घरी येताना रस्ताभर मी तुझ्याशी भांडत होतो. आणि भांडता भांडता मला बरंही वाटत होतं. तुझं काही अडलं नव्हतं. तू समाधानानं गेली होतीस, आणि ते समाधान थोडं माझ्याही वाट्याला आलं.

खरं कारण मला आत्यानं सांगितलं. सांगितलं म्हणजे तिच्या तोंडून सहज निघून गेलं. संध्याकाळी ती दारात ज्वारी निवडत बसली होती. मी शेजारी बसून म्हणालो, आक्का गावाला का नको म्हणायची कोण जाणे.

आत्या सुपातनं मान वर न करता म्हणाली, "आरं, गावात ती लगीन बगती कुटनं? मागं चुलीपाशी बसली असती की माझ्यासंगं. आमास्नी हळदीपाशी कोन येऊ देतंय? तात्याच्या पोरीच्या लग्नात दोगी बी मागंच व्हतो. मला सवय हाय. तिची लेक व्हती, तिला कसं जमावं?"

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"हितं न्हाय म्हनं तसं. नरसम्माच्या पोरीला हिनं हळद लावली व्हती. नरसम्मा म्हनली, म्या बी हिच्यासारकीच, पोरगी माजी, मी लावते, मग ही का न्हाय? आक्का गावाला आली की मला सांगायची, हाताला हळद कशी गार लागती ते. लई येळा सांगायची."

नरसम्माच्या पोरीच्या त्या लग्नात मी होतो, आक्का. पंगतीत वाढत होतो. हळद कुणी लावली इकडं माझं लक्षच नव्हतं. पुरुषांना मांडवात जिलबी दिसते. पण तू बोलायचंस की! पाण्याचं सांगितलंस, गाड्यांचं सांगितलंस, नरसम्माच्या गुडघ्यांचं सांगितलंस, हे एक सांगायला काय झालं होतं? सरळ बोल, सरळ बोल म्हणून मला शिकवणारी तू. मग वाटलं, नसेल सांगवलं. लेकीच्या हळदीला मला पुढं उभं राहू द्या, असं कुठली आई धाकट्या भावाकडं मागेल? ते मागायची पाळीच येऊ नये अशा ठिकाणी तुला लग्न हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना म्हणालो, लग्न सोलापुरात.

"का?"

कारण सांगायला गेलो तर माझ्याच्यानं नीट बोलवेना. मी म्हणालो, "आक्का तसं म्हणत होती."

"मग कावळ्याफुडं का न्हाय बोललास?" असं म्हणून तात्यांनी पटका बांधला. "मी न्हाय येनार तुमच्या त्या नळावरच्या लग्नाला." ते गेले. आता खरी पंचाईत होती. घरातलं थोरलं माणूसच मांडवात नसलं तर टेंभुर्णीकरांना काय सांगायचं? चंद्राला मी काही बोललो नाही, पण पोर तुझीच. तिला सगळं कळत होतं. ती म्हणाली, "तात्या येतील मामा. त्यांना काय पाय नाहीत?"

मग गल्ली कामाला लागली. मांडवाच्या मेढी नरसम्माच्या भावकीनं आणल्या आणि वर छताला त्यांच्याच मागावरचं कापड आलं. मिलमधल्या तुझ्या मैत्रिणींनी सुट्टीच्या दिवशी बसून गहू निवडले, आणि निवडता निवडता तुझी आठवण काढून रडल्या, आणि तू खात्यातल्या मुकादमाला, त्या जॉबरला, काय काय बोलायचीस ते आठवून हसल्या. गुलाबबीच्या नवऱ्यानं पाहुण्यांना स्टेशनावरनं आणायला आपला टांगा लावून ठेवला. ह्या वेळी मात्र कुणी कुणावर विसंबलं नाही. त्या उपाशी दुपारचा धसका सगळ्यांनी घेतला होता. रोज सकाळी नरसम्मा दारात उभी राहून ओरडून विचारायची, आज कोण करणार, आणि उत्तर आल्याशिवाय हलायची नाही.

आज हळद. उद्या लग्न.

सकाळी उजाडल्यावर बघतो तर मांडवाखाली तात्या, खांद्यावर घोंगडं, पायांत वहाणा तशाच. राम राम नाही, काही नाही. आंब्याच्या पानांकडं बघत म्हणाले, "ही पानं कुनी बांदली? अशी बांदत्यात व्हय?" आणि सगळी पानं सोडून पुन्हा पहिल्यापासनं बांधायला लागले. मी त्यांच्या पाया पडलो. "राहू दे, राहू दे, सुतळी आन," म्हणाले.

टेंभुर्णीकरांकडची नवऱ्याची उष्टी हळद आली. चंद्राला पाटावर बसवली. पाच सवाशिणी पुढं आल्या, त्यात तात्यांची सूनही होती. मी मागं उभा राहून शोधत होतो, नरसम्मा कुठं आहे, तिला पुढं बोलवायचं, असं मनाशी घोकत होतो. तेवढ्यात चंद्रा हळदीची वाटी उचलून पाटावरनं उठली. नवरीनं असं उठायचं नसतं. बायका "अगं, अगं" करेपर्यंत ती घरात गेली.

आत्या आत चुलीपाशी होती. तिला कुणी तिथं बसवलं नव्हतं. आपसूक जाऊन बसली होती आणि भांडी पुढं ओढून घासत होती. चंद्रा तिच्यासमोर जमिनीवर बसली, वाटी मध्ये ठेवली आणि म्हणाली, "आत्याआजी, आई असती तर तिनं लावली असती. आता तुम्ही लावा."

आत्यानं राखेचे हात मागं घेतले. "न्हाय गं बाई. म्या न्हाय. अपशकुन व्हतोय." तिची नजर आमच्यावरनं तात्यांकडं गेली. दारात सगळी गर्दी जमली होती आणि सगळेच तात्यांकडं बघत होते. चंद्रा चेहरा पुढं करून, डोळे मिटून बसली होती. ती काही उठायची नाही, हे मला दिसत होतं. तुझी सगळी जिद्द तिच्या हनुवटीत उतरली होती.

तात्यांनी हातातल्या गुंड्याची सुटलेली सुतळी गुंडाळून घेतली. मग म्हणाले, "आगं लाव की. पोरगी कवापासनं तोंड फुडं करून बसलीया."

आत्यानं हात धुतले. पदराला पुसले, पुन्हा धुतले. हळदीत बोटं बुडवली. किती घ्यायची असते हे तिला ठाऊक नव्हतं, आक्का. एवढ्या वर्षांत तिनं कुणाला लावली नव्हती. तिनं मूठभर उचलली आणि चंद्राचं कपाळ, गाल, कान, मान, सगळं माखून टाकलं. चंद्राचे मिटलेले डोळे हळदीखालनं वाहायला लागले तरी आत्या थांबेना. शेवटी नरसम्माच म्हणाली, "बाकीच्या माणसाला पण ठेव की थोडा," तेव्हा सगळे हसले आणि आत्या भानावर आली.

आक्का, तू भांडत होतीस ते बरोबर होतं.

हे लिहितोय तर बाहेर पंगत बसली आहे. सवाशिणींनी हळदीचे हात कधीच धुतले. आत्या मात्र पान वाढून झालं तरी दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून बसली आहे, हात धुवायला काही उठत नाही. जेवण गार व्हायला लागलं तेव्हा नरसम्मा गुडघे सांभाळत तिच्याजवळ बसली, आणि आता तिला घास भरवते आहे.